दापोलीचं विद्यापीठ १९७२ चं, मग कर्जतचं भात केंद्र १९१९ चं कसं?

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी दापोलीत झाली. कुठल्याही माहितीपत्रकात ही तारीख सापडते. आता याच विद्यापीठाच्या केंद्रांची वयं पाहा. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ पासून चालू आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्याचं नारळ केंद्र १९५५ चं, वेंगुर्ल्याचं फळ केंद्र १९५७ चं, रत्नागिरीचं सागरी जीवशास्त्र केंद्र १९५८ चं. खुद्द दापोलीचं कृषी महाविद्यालयसुद्धा १९६५ चं. घर बांधायच्या आधीच माणसं राहायला आलेली! हा उलटा हिशेब समजून घ्यायचा तर शेतीचं शिक्षण आपल्याकडे कुठल्या दारानं आलं, तिथून सुरुवात करावी लागते.

एक शेतकरी, तीन कचेऱ्या

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभं राहिलेलं. सुरुवातीला ते कुणाला शिकवत नसे. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, पण त्यांचं शिक्षण झालं ते एल्फिन्स्टनमध्ये. विद्यापीठाचे स्वतःचे शिकवणारे आणि संशोधन करणारे विभाग विसाव्या शतकात आले.

शेतीचं शिक्षण याच चौकटीत बसवलं गेलं. पुण्यात १८७९ साली सायन्स कॉलेजला जोडून शेतीचा वर्ग निघाला आणि त्यातूनच पुढे पुण्याचं कृषी महाविद्यालय झालं. पदवी मुंबई विद्यापीठाची. प्रयोगाची केंद्रं मात्र सरकारी शेतकी खात्याची, आणि गावोगाव जाऊन शेतकऱ्याला सांगणारी माणसं त्याच खात्याच्या आणखी एका शाखेची. त्यामुळे शिकवणाऱ्याचा शेताशी संबंध पुस्तकापुरता, प्रयोग करणाऱ्यासमोर विद्यार्थी नाही, आणि सांगणाऱ्याच्या हातात जे असेल ते दोन-चार वर्षं जुनं. शेतकऱ्यानं तिकडून प्रश्न विचारला तर तो परत प्रयोगकर्त्यापर्यंत जायला वाटच नव्हती.

अमेरिकेत हा गुंता तीन कायद्यांनी सोडवला होता. १८६२ च्या मॉरिल कायद्यानं केंद्र सरकारनं राज्यांना जमिनी दिल्या. त्यांच्या विक्रीच्या पैशातून शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढायची होती. १८८७ मध्ये त्या कॉलेजांना प्रयोगकेंद्रं जोडली. १९१४ मध्ये शेतकऱ्यापर्यंत जाणारी यंत्रणाही त्यांच्याच हाती दिली. आपल्याकडे १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली, पन्नाशीच्या दशकात भारतीय आणि अमेरिकी तज्ज्ञांच्या संयुक्त समित्यांनी हा तीन पायांचा नमुना सुचवला, आणि १९६० साली पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ उभं राहिलं. शिक्षण, संशोधन आणि विस्तार हे तीन शब्द तेव्हापासून प्रत्येक कृषी विद्यापीठाच्या कागदावर एका ओळीत येतात.

महाराष्ट्रात १९६७ साली कायदा झाला आणि १९६८ मध्ये साऱ्या राज्यासाठी एकच विद्यापीठ राहुरीला निघालं. विदर्भात त्यावरून मोठं आंदोलनही पेटलं होतं. १९६९ साली अकोल्याला दुसरं झालं, आणि १८ मे १९७२ या एकाच दिवशी परभणी आणि दापोली. म्हणजे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार भावंडं चार-पाच वर्षांत जन्मली. दापोलीचं विद्यापीठ झालं तेव्हा कोकणात आधीपासून चाललेली सरकारी केंद्रं त्याच्या छताखाली आली. केंद्रं जुनी आणि पाटी नवी, ती अशी. बाळासाहेब सावंतांचं नाव त्या पाटीवर २००१ साली आलं. १९६३ च्या नोव्हेंबरात मारोतराव कन्नमवार गेल्यावर मोजके दहा दिवस राज्याचं मुख्यमंत्रिपद सांभाळणारे ते हेच.

कोकणाला वेगळं विद्यापीठ कशाला, असा प्रश्न घाटावरच्या माणसाला पडू शकतो. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, मग आठ महिने कोरडे. जमीन जांभ्याची, आम्लधर्मी, उताराची; घातलेलं खत पहिल्या मोठ्या सरीबरोबर वहाळात. खाडीकाठी खार जमीन, वर कातळ. ऊस-ज्वारीच्या शिफारशी इथे निरुपयोगी. दुसरी अडचण वेळेची आहे. आंबा, काजू, नारळ, कोकम, जायफळ ही इथली मुख्य पिकं झाडांची आहेत, आणि झाडावरच्या प्रयोगाचं उत्तर यायला पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढी वाट पाहायला जमीन, पगार आणि नोंदवह्या पुरवणारं कोणी तरी लागतं. खासगी रोपवाटिकेला ते परवडत नाही. सार्वजनिक संशोधन विद्यापीठ कशासाठी असतं, याचं उत्तर कोकणात इतकं साधं आहे.

एक आंबा तयार व्हायला किती वर्षं लागतात

हापूसची तक्रार बागायतदाराला तोंडपाठ असते. एक वर्ष भरभरून, पुढचं वर्ष रिकामं. दुसरी तक्रार साक्याची. बाहेरून फळ देखणं. कापलं की कोयीजवळचा गर पांढुरका, स्पंजासारखा, आंबटसर. वरून कळत नसल्यामुळे पेटीत एक निघाला तरी गिऱ्हाईक पेटीभर शंका घेतं.

वेंगुर्ल्याच्या केंद्रानं यावर जो मार्ग धरला तो संकराचा. नीलम ही दक्षिणेकडची जात दर वर्षी धरते आणि तिच्यात साका नसतो. नीलम आई, हापूस बाप. ऐकायला सोपं वाटतं, करताना हात टेकतात. आंब्याच्या एका तुऱ्यावर हजारापासून काही हजार फुलं असतात, त्यातली बहुतेक नुसती नर. फळ धरू शकणारी उभयलिंगी फुलं थोडीच. संकर करताना मादी झाडावरचा तुरा निवडून त्यावर पिशवी चढवायची. सकाळी परागकोश फुटायच्या आत चिमट्यानं त्या फुलातला पुंकेसर काढायचा. आंब्याच्या फुलात कामाचा पुंकेसर बहुधा एकच असतो, हे त्यातल्या त्यात नशीब. तुऱ्यावरची बाकी नर फुलं खुडायची, नर झाडाचे ताजे पराग कुक्षीला लावायचे, पुन्हा पिशवी, आणि देठाला तारखेची चिठ्ठी. शेकडो फुलांवर ही मेहनत केल्यावर हाती येणारी फळं बोटांवर मोजण्याइतकी. एवढंसं फळ धरतं, आणि मग फेब्रुवारीतल्या उष्ण वाऱ्यात तेही गळतं.

ज्या कोयी मिळतात त्यांतलं प्रत्येक रोप वेगळं. एकाच आईबापाची भावंडं जशी सारखी नसतात तसं. रोपाला फळ यायला सहा ते आठ वर्षं. ही वाट थोडी कमी करायला रोपाची काडी मोठ्या झाडावर बांधतात. पहिलं फळ आलं म्हणजे काम संपलं असं नाही. दर वर्षी धरतं का, हे पाहायचं असल्यामुळे एका हंगामाची नोंद काहीच सांगत नाही. किमान चार-पाच हंगाम मोजावे लागतात. मग निवडलेल्या झाडाची कलमं वेगवेगळ्या जमिनींवर हापूसच्या शेजारी लावून पुन्हा तुलना. संशोधकाची नोकरी तीस-पस्तीस वर्षांची. त्यात असे दोन संकर तडीस गेले तरी खूप.

त्यामुळे अडचणीही वेगळ्याच. चिठ्ठी पावसात कुजली की झाड अनाथ. चाचणीच्या झाडावरचे आंबे वानरांनी खाल्ले की त्या वर्षीचा आकडा गेला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. अशा वादळात प्रयोगाचं झाड पडलं तर पैशानं भरून येत नाही, वर्षं जातात.

१९५७ साली केंद्र निघालं आणि १९८१ साली रत्ना ही जात बाहेर आली. चोवीस वर्षं. रत्ना नियमित धरते, साका नाही. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून सिंधू आली, १९९२ साली. तिची कोय इतकी पातळ की फळ म्हणजे जवळजवळ सगळा गरच. नीलम-हापूसच्याच दुसऱ्या एका वंशातून कोकण रुची निघाली, ती लोणच्यासाठी.

एवढं करून बागा आजही हापूसच्याच आहेत. याला संशोधनाचं अपयश म्हणणं बरोबर होणार नाही. वाशीच्या बाजारात पेटीला भाव मिळतो तो हापूस या नावाला आणि पेटी उघडल्यावर येणाऱ्या वासाला. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानं ते नाव आणखी पक्कं झालं. ज्यानं पन्नास कलमांना पंधरा वर्षं खतपाणी घातलं तो ती तोडून रत्ना का लावेल? फार तर बांधावर दोन-चार. विद्यापीठाच्या जमेच्या बाजूला रत्नापेक्षा मोठी गोष्ट आहे ती म्हणजे आहे त्या हापूसला दर वर्षी धरायला लावणं.

कल्टार आणि चौदा आणे

बागायतदार ज्याला नुसतं कल्टार म्हणतात ते पॅक्लोब्युट्रॅझॉल. झाड वाढत राहतं ते जिबरेलिन या संजीवकामुळे. फळांचं वर्ष झालं की झाड दमतं, पावसानंतर पालवी काढत बसतं आणि मोहोराला वेळ उरत नाही. हे रसायन मुळांतून वर जाऊन झाडात जिबरेलिन तयार होणं कमी करतं. वाढ थांबते, मोहोर लवकर आणि बहुतेक दर वर्षी येतो. दापोलीच्या शास्त्रज्ञांनी हापूससाठी त्याची मात्रा आणि वेळ बसवून दिली.

झाडाचा विस्तार आधी पूर्व-पश्चिम मोजायचा, मग दक्षिण-उत्तर, आणि सरासरी काढायची. दर मीटर व्यासाला ३ मिलिलिटर औषध, म्हणजे क्रियाशील घटक ०.७५ ग्रॅम. एका बाजूनं ८ मीटर आणि दुसरीकडून ६ भरलं तर सरासरी ७, औषध २१ मिलिलिटर. ते पाच-सहा लिटर पाण्यात मिसळून बुंधा आणि फांद्यांची टोकं यांच्या मधोमध गोल फिरून पंचवीस-तीस लहान भोकांत सारखं ओतायचं. भोक १० ते १२ सेंटिमीटर खोल, पहारीनं पाडलेलं. ओतून झालं की माती ओढून घ्यायची. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. त्या आधी झाडाखालचं रान काढलेलं हवं, नाहीतर औषध गवतच पिऊन टाकतं. मुसळधार पाऊस चालू असेल तर दोन दिवस थांबावं.

चुका होतात त्या मात्रेच्या. शेजाऱ्याचं कलम मोहोरलं म्हणून अंदाजानं बुधलाच रिकामा केला की पालवी आखूड राहते, पानं बारीक होतात, मोहोर गोळ्यासारखा दाटतो आणि त्यात भुरी हा बुरशीचा रोग शिरतो. दुसरी चूक उपाशी झाडाला कल्टार घालणं. दर वर्षी फळ घ्यायचं तर दर वर्षी खायलाही घालावं लागतं. दहा वर्षांवरच्या कलमाला ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश ही शिफारस आहे. ते न देता नुसतं औषध चालू ठेवलं तर काही वर्षांत कलम खंगतं, आणि मग नाव बदनाम होतं औषधाचं. लहान कलमांना तर हे घालूच नये. त्यांचं वय वाढायचं आहे.

साक्याबाबत दोन कारणं सांगितली जातात. पूर्ण तयार फळ झाडावर राहिलं की कातळातून वर येणारी उष्णता गराला भोवते. आणि जास्त तयार झालेल्या फळात कोय आतल्या आत रुजायच्या तयारीला लागते, त्याचा भार गरावर पडतो. दोन्हींचा इलाज एकच निघतो, फळ चौदा आणे तयार झाल्यावर काढायचं. सोळा आणे होऊ द्यायचं नाही. काढलेले आंबे उन्हात ठेवायचे नाहीत, झाडाखाली गवताचं आच्छादन टाकायचं. काढणीसाठी विद्यापीठाचा नूतन झेला आहे. त्याच्या पात्यानं फळ देठासकट निघतं. दोन-तीन सेंटिमीटर देठ राहिला की चीक सालीवर ओघळत नाही आणि काळे डाग पडत नाहीत. एवढ्याशा देठानं फळाची प्रत बदलते.

काजूचं गणित मात्र जमलं

काजूत नव्या जातींनी जुन्यांची जागा खरोखर घेतली. कारण सरळ आहे. कारखानदार बी विकत घेतो ती वजनावर आणि आकारावर. काजूबीला हापूससारखं घराण्याचं नाव नव्हतं. पूर्वी डोंगरात बी टाकायचं आणि उगवेल ते आपलं. अशा झाडांत दोन शेजारीसुद्धा सारखे नसत.

वेंगुर्ला-१ ही निवड पद्धतीची जात १९७४ ची, बी साधारण ६ ग्रॅमची. संकरातून आलेली वेंगुर्ला-४ १९८१ ची, बी ७.७ ग्रॅम. वेंगुर्ला-७ १९९७ ची, बी १० ग्रॅमची. म्हणजे किलोला वेंगुर्ला-१ च्या दीडशेहून जास्त बिया लागतात तिथे वेंगुर्ला-७ च्या शंभर. गराचं प्रमाण तीस टक्क्यांच्या वर, म्हणजे किलोभर बीतून तीनशे ग्रॅम गर. बी गोळा करणाऱ्या बाईला वाकावं लागतं ते बियांच्या संख्येइतकं, वजनाइतकं नाही. मोठ्या बीचा हा फायदा कुठल्याच तक्त्यात लिहिलेला नसतो.

जात असून भागत नाही, कलमं लागतात. १९९० पासून राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणात कातळावर, वरकस जमिनीवर आंबा-काजूची लागवड धडाक्यात सुरू झाली. लाखो कलमं एकदम हवी झाली. जुन्या भेट कलमाच्या पद्धतीत मातृवृक्षाजवळ रोप नेऊन बांधावं लागे. एका झाडावर किती बांधणार? काडी कापून आणून बांधायची पद्धत हवी होती. आंब्यात कोय कलम आणि काजूत मृदुकाष्ठ कलम या दोन पद्धती कोकणच्या हवेत बसल्या, आणि वाडीवाडीत रोपवाटिका निघाल्या.

कोय कलम असं बांधतात. रायवळ आंब्याची कोय फळातून काढल्यावर लवकर रुजत घालायची, महिनाभरात तिची ताकद जाते. पाण्यात टाकून तरंगणाऱ्या कोयी बाजूला काढायच्या. रुजून दहा-पंधरा दिवसांनी, पानं अजून तांबूस आणि दांडा लुसलुशीत असतानाच रोप सात-आठ सेंटिमीटरवर छाटायचं आणि मध्ये तीन-चार सेंटिमीटरची चीर द्यायची. काडी तीन-चार महिन्यांची, रोपाच्या जाडीची, दहा-पंधरा सेंटिमीटर लांब. तिची पानं आठ-दहा दिवस आधी झाडावरच देठ ठेवून कापलेली, म्हणजे डोळे फुगतात. काडीला पाचरीसारखा आकार देऊन चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. काळ जून ते ऑगस्ट, हवा दमट असते तोवर. मरतात ती कलमं बहुतेक तीन कारणांनी: सालीला साल जुळलेली नसते, काडी जाडीला जुळत नाही, किंवा सांध्यात पाणी जाऊन बुरशी धरते.

पाण्याखालचं आणि सावलीतलं

भातात विद्यापीठाचं काम सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत कमी गाजलेलं. कर्जत आणि रत्नागिरी या नावांच्या क्रमांकवार जाती कोकणाबाहेरच्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहेत. कर्जतहून १९९८ मध्ये सह्याद्री ही संकरित जात आली. खार जमिनीसाठी पनवेलच्या केंद्राच्या पनवेल-१, २, ३ या जाती आहेत. खारेपाटात बांधाला खांड पडली आणि भरतीचं पाणी आत शिरलं की मीठ पावसानं धुऊन जाईपर्यंत साधं भात उभं राहत नाही. या जाती थोडंफार मीठ सोसतात. थोडंफार. बांध फुटका ठेवून जातीवर भार टाकणं चुकीचंच.

खताचं नुकसान हा मात्र सगळ्या कोकणाचा प्रश्न. चिखलावर फेकलेला युरिया पाण्याबरोबर खालच्या खाचरात जातो, उरलेला हवेत. डॉ. ना. कृ. सावंत यांनी मांडलेली चारसूत्री पद्धत यावर आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, आणि शेतात जुना पेंढा गाडणं, हे पहिलं सूत्र. राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, डोंगरची कवळं (डहाळ्या) तोडून जाळण्याची गरज त्यानं कमी होते. लावणीआधी आठवडाभर गुंठ्याला ३० किलो गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलात गाडायचा, हे दुसरं. तिसरं नियंत्रित लावणी: दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर असं आलटून पालटून अंतर, एका चुडात दोन-तीन रोपं. चौथं, १५ सेंटिमीटरच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी.

गुंठ्याला गोळ्या लागतात ६२५ च्या आसपास, वजनानं पावणेदोन किलो. खोल चिखलात हवा नसते, त्यामुळे नत्र अमोनियमच्या रूपात तिथेच टिकतं आणि मुळं हळूहळू घेतात. फसतं ते दोरी न लावता अंदाजे लावल्यावर, कारण मग चार चुडांचा चौकोनच सापडत नाही. ओल्या हातानं गोळ्या धरल्या तर विरघळतात. कोरड्या पिशवीतून काढाव्यात. गोळी खोचल्यावर शेतात चालत राहिलं तर ती वर येते.

भाट्याच्या केंद्राची लाखी बाग ही आणखी एक कल्पना. नारळ ७.५ मीटरवर लावला की दोन माडांमध्ये जमीन मोकळी आणि ऊन गाळून आलेलं. त्या सावलीत जायफळ, दालचिनी, आणि माडावर चढवलेली काळी मिरी. जायफळ आणि कोकम या दोघांत नर झाड वेगळं, मादी वेगळं. बी लावलं तर निम्मी झाडं नर निघण्याची शक्यता, आणि ते कळायला सहा-सात वर्षं थांबायचं. कलम बांधलं की हा जुगार संपतो; काडी मादी झाडाची असली की झाड मादीच. कोकण अमृता आणि कोकण हातीस या कोकमाच्या जाती त्याच वाटेनं गेल्या.

संशोधन शेतापर्यंत पोचतं ते कसं

नवी जात किंवा शिफारस एखाद्या शास्त्रज्ञाच्या मनावर बाहेर पडत नाही. केंद्रावरच्या चाचण्या, मग इतर केंद्रांवर, मग शेतकऱ्यांच्या शेतावर. त्यानंतर चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक दर वर्षी आळीपाळीनं एकेका विद्यापीठात भरते, तिला सारे जॉइंट अ‍ॅग्रेस्को म्हणतात. तिथे आकड्यांची चिरफाड होते आणि पुष्कळ प्रस्ताव आणखी दोन वर्षांच्या नोंदी आणा म्हणून परत जातात. मंजूर झालेलं वार्षिक कृषी दैनंदिनीत छापून येतं. दुकानदारानं सांगितलेली मात्रा आणि दैनंदिनीतली मात्रा जुळते का, हे पाहायची सवय बऱ्याच जणांना नाही. रोह्याजवळ किल्ला इथलं कृषी विज्ञान केंद्र आणि शेवटच्या वर्षात गावात राहून काम करणारे विद्यार्थी, ही विस्ताराची दोन रोजची रूपं.

भाताचं बियाणं घेताना पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचावी. पैदासकार बियाण्याची चिठ्ठी पिवळी, पायाभूतची पांढरी, प्रमाणितची निळी. विद्यापीठ पिवळं तयार करतं, त्यापासून पांढरं आणि पांढऱ्यापासून निळं. शेतात पेरायला निळं पुरतं. पिवळं मिळालं म्हणून पीक दुप्पट येत नाही, ते पुढचं बियाणं करण्यासाठी असतं.

कलमं घ्यायची तर विद्यापीठाच्या रोपवाटिकेत आधी मागणी नोंदवावी. जूनमध्ये थेट गेल्यावर हवी ती जात शिल्लक नसते. कलम हातात घेऊन सांधा पाहावा: फुगीर गाठ नको, वरखालची जाडी सारखी हवी, सांध्याच्या वर निदान दोन पालव्या आलेल्या हव्यात. खड्डा आंब्याला मीटरभर लांब, रुंद, खोल. अंतर १० मीटर, म्हणजे हेक्टरी शंभर. सांधा मातीच्या वर राहील असं लावावं आणि बांधलेली पट्टी ब्लेडनं कापून टाकावी, नाहीतर ती खोडात रुतते. पहिली दोन वर्षं सांध्याखालून येणारी फूट दर महिन्याला खुडावी. ही फूट रायवळ खुंटाची असते आणि वरच्या काडीपेक्षा जोमानं वाढते. दुर्लक्ष झालं तर काडी मागे पडून मरते, झाड मात्र छान हिरवंगार दिसतं, आणि पहिला आंबा लागेपर्यंत कुणालाच काही कळत नाही.